टॅकल त्यांचा, भुर्दंड आपल्याला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ७० व्या मिनिटाला समोरच्या संघातल्या एकाने मागून येऊन टॅकल घातला आणि तुमच्या मिडफिल्डरचा घोटा गेला. त्याला पिवळं कार्ड (ताकीद) मिळालं, तुमच्या पोराला स्ट्रेचर. तुमच्या खेळाडू-बदल्या संपल्या होत्या, म्हणून उरलेली वीस मिनिटं तुम्ही दहा जणांत काढलीत. वर ज्याने टॅकल घातला त्याच्याच पासवर गोल खाऊन हरलात. हे नियमात बसतं कसं, आणि बसत असेल तर नियमच बदलायला नको का, असं तुम्ही विचारलंय.

बसतं. तिथे पिवळं बरोबर की लाल (थेट मैदानाबाहेर) हवं होतं, यावर मी न बघता बोलणार नाही. पण पुढचं सगळं नियमाला धरूनच झालं. फुटबॉलच्या नियमावलीतला तिसरा नियम खेळाडूंच्या संख्येचा आणि बदल्यांचा. खेळाडू बाहेर का चाललाय हे तो विचारतच नाही. दमला, प्रशिक्षकाच्या मनातून उतरला किंवा कुणी त्याचा पाय मोडला, तिन्हीचा खर्च सारखाच: एक बदली. खात्यात बदली शिल्लक नसेल तर दहा जणांत खेळा.

मी वीस वर्षांहून जास्त शिट्टी वाजवली, आता नव्या रेफरींना शिकवतो. हा धडा आला की मागच्या बाकावरून कुणीतरी तुमचाच प्रश्न विचारतं. माझं मत असं की शिक्षेचा नियम बऱ्यापैकी ठीक आहे, तोकडा आहे तो भरपाईचा नियम. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि म्हणून सुधारणेच्या सूचनाही भलत्याच दिशेला जातात.

आधी साधा हिशेब करू. तुमच्या बदल्या संपल्यात आणि दोषी खेळाडूला पिवळं कार्ड मिळालं, तर अकरा विरुद्ध दहा. अकरा त्यांचे, दहा तुमचे. समजा रेफरीने लाल काढलं, तर दहा विरुद्ध दहा. म्हणजे लाल कार्डाने त्यांना जो दंड बसायचा तो त्यांच्याच टॅकलने वसूल करून घेतला. सामना झाल्यावर दोषी खेळाडूवर बंदी येते. इंग्लंडमध्ये गंभीर फाऊलच्या लाल कार्डाला साधारण तीन सामन्यांची असते. पण त्याच्याशिवायचा संघ कुणाला भेटतो? पुढच्या तीन प्रतिस्पर्ध्यांना. ज्यांचा खेळाडू गेला त्यांच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही. तुमची तक्रार रास्त आहे ती इथे.

ही तक्रार जुनी आहे, आणि गंमत म्हणजे बदली खेळाडू ही कल्पना अशाच तक्रारीतून वर आली. १९५७ ची इंग्लंडच्या एफए कपची फायनल घ्या. खेळ सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती. ॲस्टन व्हिलाचा पीटर मॅकपारलंड मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर रे वूडवर जाऊन आदळला आणि वूडच्या गालाचं हाड मोडलं. त्या काळी गोलकीपरला खांद्याचा धक्का देणं चालायचं, त्यामुळे आजच्या डोळ्यांनी तो प्रसंग पाहवत नाही. बदली नावाची चीजच नव्हती. जॅकी ब्लँचफ्लॉवर हा बचावफळीतला गडी जर्सी चढवून गोलमध्ये उभा राहिला. वूड पुढे मैदानात परतला, पण विंगवर नावापुरता. व्हिला २-१ ने जिंकली. दोन्ही गोल मॅकपारलंडचे.

१९६५-६६ च्या मोसमात इंग्लिश फुटबॉल लीगने एक बदली खेळाडू मान्य केला, तोही फक्त जखमी खेळाडूच्या जागी. २१ ऑगस्ट १९६५ ला चार्ल्टनचा कीथ पीकॉक असा पहिला बदली खेळाडू म्हणून आत आला. दोनच मोसम ही अट टिकली. १९६७-६८ पासून कुठल्याही कारणाने बदली चालू झाली. जखमेची अट पाळायची तर लंगडणारा खरंच लंगडतोय की प्रशिक्षकाने खूण केली म्हणून लंगडतोय, हे कुणीतरी ठरवायला हवं, आणि मैदानावर ते कुणालाच ठरवता येत नाही. तर भरपाई म्हणून आलेली गोष्ट डावपेचाची झाली. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या पाच झाल्या, पण भरपाईचा वेगळा कप्पा काही पुन्हा उघडला नाही.

वर्ल्ड कपमध्ये तर १९७० पर्यंत बदलीच नव्हती. १९६६ ला पेलेला आधी बल्गेरियाने तुडवलं, मग पोर्तुगालविरुद्ध तो असा आडवा झाला की उरलेला सामना त्याने लंगडत काढला. ब्राझील ३-१ ने हरलं आणि स्पर्धेबाहेर गेलं. पुढच्या वर्ल्ड कपला, १९७० ला मेक्सिकोत, दोन बदल्या आल्या आणि पिवळी-लाल कार्डंही आली. तरी त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलला बेकनबाउअर खांदा निखळल्यावर हात गळ्यात बांधून एक्स्ट्रा टाइम खेळला, कारण जर्मनीच्या दोन्ही बदल्या झाल्या होत्या. तो फोटो लोक जिद्दीचं उदाहरण म्हणून लावतात. मला तो नियमाच्या भोकाचा फोटो वाटतो.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण १९८२ च्या वर्ल्ड कपचं. सेव्हिया, ८ जुलै, फ्रान्स विरुद्ध पश्चिम जर्मनी, सेमीफायनल. फ्रान्सचा पॅट्रिक बॅटिस्टन स्वतःच बदली म्हणून आला होता. आत येऊन दहा-एक मिनिटं झाली असतील. प्लाटिनीच्या पासवर तो गोलकडे सुटला, चेंडू टोलवला, आणि जर्मन गोलकीपर शूमाखर हवेतून त्याच्या तोंडावर आला. बॅटिस्टन बेशुद्ध. दात गेले, मणक्याला इजा झाली. रेफरी चार्ल्स कॉर्व्हर यांनी दिली गोलकिक. कार्ड सोडा, फाऊलसुद्धा नाही.

सगळे त्या धडकेबद्दल बोलतात. बदल्यांचं गणित फार कमी लोक बघतात. फ्रान्सची पहिली बदली बॅटिस्टन, आणि दुसरी, शेवटची, बॅटिस्टनच्या जागी क्रिस्तियन लोपेझ. तासाभरातच हात रिकामे. सामना एक्स्ट्रा टाइमला गेला आणि फ्रान्सने ३-१ अशी आघाडीही घेतली. पण एक्स्ट्रा टाइम सुरू होताना जर्मनीची एक बदली अजून बाकी होती. त्यांनी तेव्हा रुमेनिगेला उतरवलं, आणि १०२ व्या मिनिटाला त्याने फरक एका गोलवर आणला. पुढे ३-३, मग पेनल्टी शूटआऊट. निर्णायक पेनल्टी मारली होर्स्ट ह्रुबेशने, जो स्वतः बदली म्हणून आला होता. शूमाखरने त्या शूटआऊटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. दमलेल्या फ्रान्सच्या बाकावर ताजे पाय होते, पण त्यांना आत सोडायची सोय नव्हती.

आता शिक्षा आणि भरपाई यांतला फरक. बारावा नियम टॅकल कसा होता ते बघतो: नुसता निष्काळजी असेल तर फाऊल, धोक्याची पर्वा न करता घातलेला असेल तर पिवळं, नको तितका जोर लावला असेल किंवा समोरच्याच्या जिवावर उठणारा असेल तर लाल. पुढे हाड मोडलं की नुसती माती लागली, हा निकष यात नाही. नसावाच. नोव्हेंबर २०१९ ला एव्हर्टनच्या आंद्रे गोमेशला टॉटनहॅमच्या सॉन ह्युंग-मिनने मागून टॅकल केला. टॅकल पिवळ्याच्या लायकीचा होता. पण तोल गेलेला गोमेश पुढे दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा असा वळला की आसपासच्या खेळाडूंनी डोळे झाकले. रेफरीने आधी पिवळं दाखवलं आणि मग लाल. अपिलात ते लाल कार्ड रद्द झालं, आणि माझ्या मते योग्यच झालं. कारण लाल कार्ड टॅकलला नव्हे, घोट्याला दिलं होतं. उलटही रोज घडतं: दोन्ही पाय हवेत, बुटाचे खिळे पुढे, आणि समोरचा नशिबाने उडी मारून वाचतो. तिथे जखम शून्य, आणि कार्ड लालच हवं.

म्हणजे शिक्षा कृती बघून द्यायची आणि भरपाई नुकसान बघून. कोर्टातही अपघाताचा खटला वेगळा चालतो आणि नुकसानभरपाईचा दावा वेगळा. फुटबॉलला हे अगदीच अमान्य आहे असंही नाही. २०१६ च्या मोठ्या फेरबदलात एक छोटंसं कलम आलं. त्याआधी मैदानात उपचार घेतले की खेळाडूला बाहेर जावंच लागायचं आणि खेळ सुरू झाल्यावरच परत यायला मिळायचं. फाऊल झाला, फ्री-किक मिळाली, आणि फ्री-किक मारणारा तुमचा हुकमी खेळाडू टचलाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) उभा राहून दुसऱ्याला ती वाया घालवताना बघतोय, असे प्रसंग मी स्वतः घडवलेत, नियम होता म्हणून. आता ज्या शारीरिक फाऊलला कार्ड मिळालंय त्यात जखमी झालेल्या खेळाडूवर पटकन उपचार उरकले तर तो आतच थांबतो. पटकन म्हणजे किती, तर बाकी सगळे खेळ सुरू करायला तयार झाल्यापासून साधारण २०-२५ सेकंद.

हे मैदानावर कसं दिसतं ते सांगतो. शिट्टी. मी जखमी खेळाडू आणि जमाव यांच्या मधे जाऊन उभा राहतो, फिजिओला हाताने बोलावतो आणि कार्ड लगेच काढतो. कार्ड आधी का? कारण कार्ड नाही तर सवलत नाही, आणि हे दोन्ही बाकांना कळायला हवं. फिजिओ स्प्रे मारतो, घोटा फिरवून बघतो. तोवर दोषी संघाचा कुणीतरी चेंडू जागेवर ठेवून "सर, चला ना" म्हणत असतो. मनात सेकंद मोजत मी त्याच्याकडे बघत नाही. पंचवीस झाले आणि खेळाडू अजून झोपलेलाच असेल, तर त्याला बाहेर जावं लागतं. तिथून पुढे तो पुन्हा तुमचा प्रश्न होतो: तो परत येणार नसेल तर तुमच्याकडे बदली आहे का?

तुमच्या पत्रात एक गोष्ट स्पष्ट नाही. बदल्या संपल्या म्हणजे खेळाडूंची संख्या संपली, की संधी? आताच्या वरच्या पातळीच्या नियमात पाच बदल्या आहेत (२०२० मध्ये साथीमुळे तात्पुरत्या आल्या, २०२२ पासून कायम झाल्या), पण त्या पाच जणांना आत घ्यायला खेळ चालू असताना थांबायच्या संधी तीनच. हाफ टाइम त्यात धरत नाहीत. पाचाचा आकडा बघून लोक निर्धास्त होतात आणि तीनाच्या आकड्याला ठेचकाळतात. माझ्याच एका सामन्यात हे झालं. एका संघाने तीन वेळा एकेक खेळाडू बदलला. ७८ व्या मिनिटाला त्यांचा लेफ्ट बॅक उशिरा आलेल्या टॅकलमध्ये गेला. मी पिवळं दिलं. प्रशिक्षकाने बाकावरच्या एकाला जॅकेट काढायला लावलं, पोरगा पाय झटकत, कडेला बदल्यांची नोंद ठेवणाऱ्या चौथ्या पंचांच्या शेजारी येऊनही उभा राहिला, आणि चौथ्या पंचांनी मान हलवली. कॅप्टन माझ्याकडे आला: "सर, दोन बदल्या बाकी आहेत. पाय आमचा गेला, मग अडवता आम्हाला का?" माझ्याकडे नियम होता, उत्तर नव्हतं. पोराने जॅकेट पुन्हा घातलं.

डोक्याच्या दुखापतीबाबत मात्र फुटबॉलने हे दार उघडलंय. जानेवारी २०२१ पासून चाचणी म्हणून, आणि २०२४-२५ पासून स्पर्धेच्या आयोजकांना वापरता येईल असा पर्याय म्हणून, कन्कशनची (डोक्याच्या माराने मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची) जादा बदली आली. ती पाचांत धरत नाहीत आणि तीन संधींतही धरत नाहीत. बाहेर गेलेला परत येत नाही. गैरवापराला आळा बसावा म्हणून समोरच्या संघालाही एक जादा बदली मिळते. यामागचं कारण न्याय नसून सुरक्षितता आहे: फुकट बदली नसली की डोकं बधिर झालेला खेळाडू खेळत राहतो. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर डोक्याला मार बसल्यावर बराच वेळ खेळला, आणि ही फायनलच आहे ना, असं त्याने रेफरीलाच विचारलं. पण सुरक्षिततेचा हाच मुद्दा गुडघ्याला का लागू नाही? दहा जणांत खेळायला लागेल या भीतीने फाटलेलं लिगामेंट घेऊन उभे राहिलेले खेळाडू मी पाहिलेत.

दुसरे खेळ यात पुढे आहेत. रग्बी युनियनमध्ये डावपेच म्हणून बाहेर बसवलेला खेळाडू सहसा परत येत नाही, पण प्रतिस्पर्ध्याच्या गैरखेळाने कुणी जखमी झाला आणि पंचांनी ते मान्य केलं, तर त्याच्या जागी तो परतू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगने २०२१ ला '१८ वा खेळाडू' आणला. गैरखेळामुळे तुमचा खेळाडू त्या सामन्यापुरता बाद झाला आणि दोषी खेळाडूला सिन-बिन (काही मिनिटांसाठी बाहेर) किंवा कायमचं मैदानाबाहेर काढलं, तर हा राखीव गडी उतरवता येईल असं ठरलं. इथे शिक्षा आणि भरपाई एकमेकींना बांधलेल्या आहेत, पण दोन्हींची मापं वेगळी ठेवलीत. मला ही रचना आवडते.

आता लोकांच्या सूचना. सगळ्यात लोकप्रिय सूचना, जी तुमच्याही शेवटच्या ओळीत आहे: जखमी खेळाडू परत येईपर्यंत दोषी खेळाडूही बाहेर. ऐकायला झकास. पण तुमच्या साध्या राईट बॅकला समोरच्या संघाच्या सगळ्यात भारी स्ट्रायकरचा धक्का लागला असं धरा. तुम्ही प्रशिक्षक आहात. राईट बॅक तीन मिनिटांत उठून बसला. तुम्ही त्याला परत पाठवाल? मी तर म्हणेन, बाळा, जरा बस, पाणी पी, घाई कसली. समोरच्याच्या स्ट्रायकरची किल्ली तुमच्या फिजिओच्या खिशात. शिवाय ही शिक्षा पुन्हा जखम बघून होते. सॉनच्या प्रसंगात जी चूक अपिलात दुरुस्त करावी लागली तीच आपण नियमात लिहून ठेवणार.

दुसरी सूचना: गैरखेळाने जखमी झालेल्यासाठी सरसकट एक फुकट बदली. ही बरी आहे, पण तिचीही परीक्षा घ्या. ८५ वं मिनिट, तुमचा विंगर दमून लोळतोय, बाकावर ताजा गडी. एक पिवळ्या कार्डाचा टॅकल आणि विंगर उठलाच नाही, की फुकटात ताजे पाय. सातव्या मिनिटाला असलं सोंग कुणी करणार नाही, चांगला खेळाडू गमवावा लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे करतील. क्रिकेटमध्येही डोक्याला चेंडू लागल्यावर येणाऱ्या बदली खेळाडूवरून वाद झालेच. डिसेंबर २०२० ला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. जडेजाची दुखापत खोटी होती असं मी म्हणत नाही. संशयाला जागा राहते, एवढंच.

माझी सूचना आखूड आहे. जादा बदली द्या, पण संख्या किंवा संधी संपली असेल तेव्हाच. ज्या फाऊलमध्ये जखम झाली त्याला कार्ड मिळालेलं हवं, म्हणजे २०१६ च्या कलमाचीच अट. समोरच्या संघाला त्याबदल्यात काही नाही. कन्कशनमध्ये देतात ते ठीक, इथे दिलं तर ज्याने पाय मोडला त्यालाच बक्षीस. आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येणार नाही.

यात भोक आहे, ते मीच दाखवतो. सगळा डोलारा रेफरीच्या कार्डावर उभा आहे. सेव्हियात कार्डच नव्हतं, तेव्हा माझ्या नियमाने फ्रान्सला काहीही दिलं नसतं. आज व्हीएआर (व्हिडिओ बघून मैदानावरच्या रेफरीला मदत करणारा रेफरी) असतो, थेट लाल कार्डाची शक्यता तो तपासतो, त्यामुळे शूमाखर सुटला नसता. पण फाऊलला पिवळं द्यायला हवं होतं की नाही, हे व्हीएआर बघत नाही, आणि तुमच्या-माझ्या मैदानांवर व्हीएआर नसतोच. शिवाय कार्डाला बदली जोडली की आम्हाला घेराव वाढणार. आत्ताच दहा जण कार्ड, कार्ड म्हणून हात हलवत अंगावर येतात. उद्या बाकावरचे पाचही उठतील. हा त्रास मी पत्करीन. सगळे रेफरी पत्करतील असं नाही.

नियमावली बदलायला वेळ लागतो, तुमचा मोसम मात्र चालू आहे. म्हणून दोन कामाच्या गोष्टी. तुमच्या स्पर्धेत तीन संधींची अट असेल तर बदल्या एकेक करू नका, जोडीने करा, आणि तिसरी संधी ८० व्या मिनिटापर्यंत हातची सोडू नका. हाफ टाइमची बदली फुकट असते. पहिल्या हाफच्या शेवटी कुणी ढिला वाटला तर पंचावन्नाव्या मिनिटाची वाट बघण्यापेक्षा तिथेच उरका.

आणि दुसरं, जे बहुतेक हौशी संघांना माहीत नसतं: युवा, ज्येष्ठ, दिव्यांग आणि अगदी खालच्या पातळीच्या स्पर्धांमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत घेण्याची मुभा देता येते. नियमावलीतच तशी तरतूद आहे, फक्त तुमच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता लागते. तुमची लीग हौशी आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पुढच्या मोसमाआधी आयोजकांची बैठक होईल तेव्हा हा मुद्दा लेखी द्या, एकट्याने नको, तीन-चार संघांच्या सह्या घेऊन. त्या ७० व्या मिनिटाला ही मुभा असती, तर आधी बाहेर बसवलेल्यांपैकी कुणीही आत आलं असतं आणि रेफरीला नुसती वहीत एक नोंद करावी लागली असती.